सरफोजीराजे भोसले आणि दगडावर कोरलेली वंशावळ

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या भिंतींवर आणि जोत्यावर चोळ राजांच्या दानांचे आणि पराक्रमांचे तमिळ लेख ओळीने कोरलेले आहेत. या मंदिराच्या प्राकारातून फिरणाऱ्या मराठी यात्रेकरूची पावले मात्र एका भिंतीपाशी आपोआप थबकतात. तेथे देवनागरी अक्षरे आहेत आणि भाषा मराठी आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या खोऱ्यात, चोळांच्या देवालयात भोसले कुळाचा सविस्तर वृत्तान्त मूळपुरुषापासून कोरून ठेवलेला आहे. मराठी भाषेतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते.

हा लेख १८०३ मध्ये तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला. सरफोजीराजांची कीर्ती आज मुख्यतः सरस्वती महाल ग्रंथालयाशी जोडलेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालयाला वैभव देणाऱ्या या राजाने आपल्या घराण्याची वंशावळ कागदावर न ठेवता दगडावर का कोरविली, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या बालपणाकडे वळावे लागते. ज्या कुळाची कथा त्यांनी भिंतीवर लिहविली, त्या कुळातील त्यांचे स्थानच एकेकाळी नाकारले गेले होते.

भोसल्यांचा तंजावरशी संबंध आला तो शहाजीराजांमुळे. शहाजीराजे विजापूर दरबाराच्या वतीने कर्नाटकात होते आणि त्यांचे एक पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणत, ते दक्षिणेतच स्थिरावले. शहाजीराजांच्या निधनानंतर सुमारे दहा-बारा वर्षांनी व्यंकोजीराजांनी तंजावर हस्तगत केले आणि तेथे मराठी राज्याची स्थापना झाली. शिवछत्रपती हे व्यंकोजींचे सावत्र बंधू. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी कोळ्ळिडम नदीच्या परिसरात दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून त्या भेटीत कटुता आली आणि पुढे लढाईपर्यंत प्रसंग गेला. अखेर व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणाने समेट घडून आला. एकाच आडनावाचे दोन कर्तबगार भाऊ दोन दूरच्या प्रदेशांत राज्य करू लागले की नाते टिकविणे किती कठीण होते, याचा धडा या घराण्याला पहिल्याच पिढीत मिळाला.

व्यंकोजींनंतर त्यांचे तीन पुत्र शहाजी, पहिले सरफोजी आणि तुकोजी एकामागून एक गादीवर आले. तुकोजींच्या मृत्यूनंतर काही वर्षे वारसांच्या भांडणांत गेली आणि १७३९ मध्ये तुकोजींचे पुत्र प्रतापसिंह राजे झाले. त्यांच्या जन्माच्या अधिकाराविषयीही त्या काळी वाद होताच. प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी १७६३ मध्ये गादीवर बसले. अर्काटचा नबाब आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कचाट्यात सापडून त्यांना काही काळ राज्यही गमवावे लागले. १७७६ मध्ये ते परत मिळाले, पण आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या मागे वारस उरला नाही.

अशा स्थितीत जानेवारी १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी भोसले कुळाच्याच दुसऱ्या शाखेतील एका नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. हेच सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ च्या सप्टेंबरात झाला होता. दत्तविधानानंतर लवकरच तुळजाजींचे निधन झाले. मरण्यापूर्वी त्यांनी या मुलाच्या रक्षणाचा भार ख्रिस्तिआन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर टाकण्याची इच्छा व्यक्त केली. श्वार्ट्झ अनेक वर्षे तमिळ प्रदेशात राहिलेले होते. तमिळप्रमाणेच त्यांना मराठीही येत असे आणि दरबारात त्यांच्या शब्दाला मान होता. एकट्याने हा भार स्वीकारणे त्यांना उचित वाटले नाही. बालकाचे पालकत्व आणि राज्यकारभार तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे आला.

पुढे जे घडले ते भाऊबंदकीच्या इतिहासात नवे नव्हते. अमरसिंहांनी स्वतःचा हक्क पुढे केला. दत्तविधान शास्त्रशुद्ध आहे की नाही, असा प्रश्न मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांपुढे आला आणि त्यांनी पंडितांची मते मागविली. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय दत्तक घेण्याच्या दृष्टीने अधिक आहे, अशा हरकती निघाल्या. एकुलता एक पुत्र दत्तक देऊ नये असे धर्मशास्त्राचे एक वचन आहेच, आणि त्याचा अर्थ सक्तीचा मानायचा की सल्ल्याचा, यावर शास्त्र्यांत मतभेद आहेत. निकाल अमरसिंहांच्या बाजूने लागला आणि ते राजे झाले.

या निकालाने त्या मुलाचे जे झाले त्याचा विचार करण्यासारखा आहे. दत्तक गेलेला पुत्र जनक घराण्याचा राहत नाही. त्याचे नाव, वारसा आणि श्राद्धाचा अधिकार हे सर्व नव्या घराण्याशी जोडले जाते. सरफोजींचे जन्माचे घर विधीने सुटले होते, आणि ज्या घरात ते आले होते त्याने त्यांना नाकारले होते. आडनाव दोन्हीकडे भोसलेच होते, तरी दोन्हीकडचा आधार तुटला होता. राजवाड्यात त्यांना जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले आणि त्यांच्या शिक्षणाची आबाळ झाली. तुळजाजींच्या विधवा राण्यांचे हालही त्यांच्यापेक्षा वेगळे नव्हते.

श्वार्ट्झ यांनी ही गोष्ट कंपनी सरकारच्या कानावर घातली. वारंवार तक्रारी झाल्यानंतर १७९३ मध्ये सरफोजी आणि राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, तमिळ, संस्कृत या आपल्या भाषांबरोबर त्यांनी इंग्रजी उत्तम अवगत केली. युरोपातील विज्ञान, चित्रकला, संगीत आणि वैद्यक यांची गोडी त्यांना येथेच लागली. ख्रिस्ती गुरूंच्या सहवासात राहूनही त्यांनी आपला कुलाचार सोडला नाही आणि गुरूंविषयीची कृतज्ञताही कधी सोडली नाही. पुढे श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येपाशी उभे असलेले सरफोजीराजे त्या शिल्पात दिसतात.

दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडण्यात आला. बंगालकडील पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती दत्तविधानाच्या बाजूने पडली. अमरसिंहांच्या कारभाराविषयीही तक्रारी होत्याच. जून १७९८ मध्ये अमरसिंहांना दूर करून कंपनीने सरफोजींना गादीवर बसविले. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचे होते. अमरसिंहांना नेमणूक बांधून देण्यात आली आणि ते तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुन क्षेत्री, जाऊन राहिले. तेथेच १८०२ मध्ये त्यांचा अंत झाला.

गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सर्व मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग राहिला. खर्चासाठी दरसाल एक लाख होन आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ठरला. ज्या हक्कासाठी अकरा वर्षे वाद झाला, त्या हक्कातील सत्तेचा भाग दीड वर्षाच्या आत संपला. उरले ते घराण्याचे नाव, आणि त्या नावाचे काय करायचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य. पुढल्या तीस वर्षांच्या आयुष्यात सरफोजीराजांनी त्या स्वातंत्र्याचा जो उपयोग केला, त्यामुळेच ते आज स्मरणात आहेत.

या पार्श्वभूमीवर १८०३ चा शिलालेख वाचला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. अमरसिंहांच्या मृत्यूला जेमतेम वर्ष उलटले होते. ज्यांच्या कुळाविषयी पंडितांनी दोनदा वेगवेगळा निर्णय दिला होता, त्या राजांनी कुळाची कथा सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी, सहज पुसता येणार नाही अशा साधनावर उतरविली. मालोजी, शहाजी, शिवछत्रपती, व्यंकोजी आणि त्यानंतरचे तंजावरचे राजे अशी परंपरा सांगत तो लेख सरफोजींपर्यंत येतो. शिवछत्रपतींच्या चरित्राला त्यात विस्तृत जागा आहे. वास्तविक तंजावरचे राजे व्यंकोजींचे वंशज. दोन शाखांमधील जुना कलह पाहता थोरल्या शाखेच्या पुरुषाचे चरित्र टाळता आले असते. तसे न करता सरफोजींनी ते आपल्याच कुळाचे भूषण म्हणून सांगितले. सव्वाशे वर्षांपूर्वी वाटणीवरून दुरावलेल्या दोन भावांना त्यांनी एका भिंतीवर एकत्र आणले.

वंशावळ सिद्ध करणे हे सोपे काम नसते. त्या काळी त्यासाठी घरचे दप्तर, सनदा, बखरी, पुरोहितांच्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि वृद्धांच्या आठवणी हीच साधने होती. एकाच घराण्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्यामुळे शहाजी, सरफोजी, शिवाजी ही नावे पुन्हा पुन्हा येतात आणि पिढ्यांची गल्लत होते. जुन्या लेखकांना मूळपुरुष पुराणकाळापर्यंत नेण्याचाही मोह होई. तंजावरचा लेखही या दोषांपासून मुक्त नाही. त्यातील सर्वच घटना आणि काळ इतिहाससंशोधक जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. इतर कागदपत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही. तरीही एखादे घराणे स्वतःला कसे ओळखत होते, कोणाला आपले मानत होते, हे जाणण्यासाठी त्याच्याइतके प्रत्यक्ष साधन क्वचित मिळते.

येथे आडनावाविषयीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातारा, कोल्हापूर, नागपूर, अक्कलकोट, तंजावर अशा अनेक ठिकाणी भोसले राजघराणी होती. आडनाव एक म्हणून सर्वांचे रक्त एक, असे मात्र म्हणता येत नाही. सातारा आणि कोल्हापूर ही शिवछत्रपतींची थेट वंशपरंपरा, तर तंजावर ही त्यांच्या बंधूंची. नागपूरकरांचे या घराण्याशी नेमके नाते काय, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. अक्कलकोटच्या राज्याचे संस्थापक फत्तेसिंह तर जन्माने लोखंडे घराण्यातील. छत्रपती शाहूंनी त्यांना पुत्रवत वाढविले आणि त्यांना भोसले हे नाव मिळाले. कोठे आडनाव जन्माने येते, कोठे दत्तविधानाने, तर कोठे एखाद्या थोर पुरुषाच्या ममतेने. म्हणूनच आडनाव हा नात्याच्या शोधाचा पहिला धागा असतो. तो हाती घेऊन मूळगाव, कुलदैवत, देवक, सोयरिकी आणि कागदपत्रे यांची साक्ष पाहावी, तेव्हाच नाते निश्चित होते. सरफोजीराजांचे नाते दत्तविधानाचे होते, आणि दत्तक पुत्र कुळाची जबाबदारी औरसाइतक्याच निष्ठेने पार पाडू शकतो, याचे त्यांच्याइतके स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

ही जबाबदारी त्यांनी केवळ दगडावर लिहून पार पाडली असे नाही. १८२० नंतर त्यांनी मोठ्या लवाजम्यासह काशीची यात्रा केली. हिंदू धर्मातील पितृकार्यात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. दत्तक पुत्राच्या मुखी ती नावे दत्तक घराण्यातील असतात. तेव्हा गंगेच्या काठी सरफोजीराजांच्या मुखी येणारी नावे तुळजाजी, प्रतापसिंह आणि तुकोजी ही होत. ज्या नात्याविषयी दोन सरकारी निर्णय व्हावे लागले, त्या नात्याला या तीन नावांच्या उच्चारापुढे कोणत्याही मोहोरेची गरज नव्हती. याच यात्रेच्या निमित्ताने त्यांनी उत्तरेतील विद्वानांकडून संस्कृत हस्तलिखिते मिळविली आणि काहींच्या नकला करविल्या. पूर्वजांचे ऋण आणि विद्येचे ऋण त्यांनी एकाच प्रवासात फेडले.

ती हस्तलिखिते सरस्वती महालात दाखल झाली. हे ग्रंथालय मुळात नायक राजांच्या काळातील. भोसल्यांनी ते जपले आणि सरफोजींनी त्याला वैभव आणले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी युरोपातून हजारो छापील पुस्तके मागविली. त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. म्हणजे ती केवळ शोभेसाठी नव्हती. धन्वंतरी महालात त्यांनी देशी आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास करविला. नेत्ररोग्यांवरील उपचारांची टिपणे आणि चित्रे आजही पाहावयास मिळतात. राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना घातला आणि तेथून बालबोध मुक्तावली हे लहान मुलांसाठी इसापनीतीच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाने अद्याप मूळ धरले नव्हते, अशा काळात तमिळ प्रदेशात मराठी बालकांचे पुस्तक छापले गेले, ही गोष्ट मराठी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्या नावावरील देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटकही असेच वैशिष्ट्यपूर्ण आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरकन्या मुख्य पात्र असते. सरफोजींच्या नाटकात ती जगाचा भूगोल सांगते. नाट्यप्रकार तमिळ, भाषा मराठी आणि विषय नव्या काळाचे ज्ञान, असा हा मेळ होता. ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे आणि मुलांना अनेक भाषांतून शिक्षण मिळे. कुळाचा अभिमान आणि भोवतालच्या समाजाशी एकरूपता यांत विरोध आहे असे त्यांना वाटले नाही. चोळांच्या देवळात मराठी वंशावळ कोरणारा हा राजा तमिळ वैद्यांची औषधे तमिळ पद्यांत संग्रहित करवीत होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये तेही पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयात धाव घेतली, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे कृत्य राजसत्तेचे असल्यामुळे न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे असा निर्णय दिला. खासगी मालमत्ता पुढे काही वर्षांनी सरकारने परत केली, राज्य मात्र परत आले नाही. ज्या घराण्याचा एक राजा दत्तविधानाच्या बळावर गादीवर आला, त्याच घराण्याचे राज्य पुढच्याच पिढीत पुत्राअभावी संपले.

राज्य गेले, तरी सरस्वती महाल राहिला आणि तो पुढे सर्वांसाठी खुला झाला. राजवाड्यातील मोडी लिपीतील कागदपत्रांची असंख्य बाडे राहिली. त्यांत राजांच्या दरबारापासून वैद्यांच्या नेमणुकांपर्यंत आणि छत्रांच्या खर्चापर्यंत सर्व व्यवहारांच्या नोंदी आहेत. व्यंकोजींच्या मागोमाग आलेल्या अनेक मराठी कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा माग लावायचा तर याच कागदांकडे जावे लागते. आज तंजावर परिसरात जी कुटुंबे घरात मराठी बोलतात, त्यांची बोली पुण्याच्या मराठीहून वेगळी आहे. तिच्यात तमिळचे शब्द मिसळले आहेत, परंतु तीन शतकांहून अधिक काळ ती आईकडून मुलाकडे येत राहिली आहे. ही परंपरा चालू राहिली, कारण मोडी वाचणारे कोणी तरी प्रत्येक पिढीत होते, आणि आजीने सांगितलेले नाव लिहून ठेवणारेही कोणी तरी होते.

मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या मुलांना आपण कोठले, हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो आणि तो त्यांच्या मनातही उठतो. घराण्याच्या थोरवीचा डौल मिरविण्यासाठी त्याचे उत्तर शोधायचे नसते. पणजोबा कोणत्या गावाहून निघाले, कोणत्या गाडीने आले, कोणाच्या आसऱ्याने राहिले आणि त्यांच्याबरोबर निघालेले भाऊबंद कोठे पांगले, हे ठाऊक असले की माणूस जेथे राहतो तेथेही अधिक स्थिर उभा राहतो. सरफोजीराजांना कुळ जन्माने पूर्णपणे लाभले नव्हते. ते त्यांना द्यावे की नाही यावर दरबारात आणि कचेऱ्यांत वाद झाले. अखेर त्यांनी ते स्वतः शोधले, लिहविले आणि जपले, आणि जपता जपता ज्या भूमीत ते वाढले तिलाही विद्येचे मोठे धन दिले. बृहदीश्वराच्या भिंतीवरील त्या अक्षरांवर दोनशेहून अधिक पावसाळे गेले, आणि मराठी वाचता येणारा कोणीही आजही तेथे उभा राहून ती वाचू शकतो.